किती झाली?

आईच्या हातातला पेढा मी काढून घेतला, तेव्हा तिने तो अर्धा खाल्लेला होता.

"अगं, उष्टा आहे तो," ती म्हणाली.

"असू दे. कितवा?"

"पहिला."

"आई."

"दुसरा. पण पहिला शमीमचाचीच्या नातवाचा होता, बारशाचा. तो मोजायचा नसतो."

रविवार होता, फेब्रुवारीतला. मी पुण्याहून सकाळच्या बसने साताऱ्याला आले होते, दर महिन्याला दोनदा यायची तशी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून किल्ल्याचा डोंगर दिसत होता, आई ओट्याला टेकून उभी होती आणि डाव्या मनगटावरचं काळं घड्याळ पुन्हा पुन्हा वर सरकवत होती. पट्टा सैल बसला होता, पण बक्कल एकदम आतल्या भोकात अडकवण्याची खूण पट्ट्यावर पडलेली होती. तिचं मनगट भरलेलं. त्या भोकात तिचा हात मावला नसता. हे मला दिसलं. दिसलं आणि मी पुढे गेले, कारण मी तेव्हा फोन उघडून आदल्या आठवड्याचे आकडे बघत होते.

"सोमवार आठ हजार शंभर, मंगळवार सात हजार नऊशे, शनिवारी तर नऊ हजार. आणि आज रविवारी? चारशे. आई, मी आले की तू चालणंच सोडतेस."

"तू आलीस की रविवार असतो ना."

"म्हणून काय झालं?"

"रविवारी वाचनालयाला सुट्टी," असं काहीतरी ती म्हणाली आणि कढईत फोडणी टाकली.

ते घड्याळ मीच दिलेलं. पावलं मोजणारं, हृदयाचे ठोके मोजणारं. आदल्या सप्टेंबरात ती पंचावन्न वर्षांची झाली तेव्हा. बाबा चोपन्नाव्या वर्षी गेले होते, दुकानातून घरी येताना, पोवई नाक्यावर, स्कूटर स्टँडला लावता लावता. त्यानंतर माझ्या डोक्यात एकच हिशेब पक्का झाला होता, की एकाच्या बाबतीत आपण गाफील राहिलो, दुसऱ्याच्या बाबतीत राहायचं नाही. तो हिशेब मी आईला कधी सांगितला नाही. तिला फक्त घड्याळ दिलं आणि म्हटलं, "या वर्षासाठी पाच उद्दिष्टं लिहून काढ. आत्ता. माझ्यासमोर."

तिने पर्स उघडून वाचनालयाची कोरी कार्डं काढली. गेली अठ्ठावीस वर्षं ती पेठेतल्या वाचनालयात ग्रंथपाल होती. किराण्याची यादी असो, कुणाचा पत्ता असो, ती कॅटलॉगच्या कार्डावरच लिहायची. एका कार्डावर एकच गोष्ट. मी सांगत गेले, ती गोल अक्षरात लिहीत गेली. एक, रोज आठ हजार पावलं. दोन, साखर बंद. तीन, वजन बासष्ट. चार, रात्री दहाला झोप. पाच, दर महिन्याला रक्तदाब.

पाचवं कार्ड लिहून झाल्यावर पेन तसंच धरून ती म्हणाली, "आणि आनंदाचं कुठे लिहायचं?"

"हे पाच पाळलेस की तो आपोआप येतो."

"असं का," आई म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजता तिच्या घड्याळाचा आकडा तिच्या फोनमधून माझ्या फोनवर यायचा आणि साडेसातला मी फोन करायची. पहिला शब्द ठरलेला. "किती झाली?" ती म्हणायची, "तुला दिसतायत ना?" मी आकडा वाचून दाखवायची, शाब्बास म्हणायची किंवा नाही म्हणायची. मग ती मला माझ्या ऑफिसचं विचारायची, जेवणाचं विचारायची, आणि पाच-सात मिनिटांत फोन संपायचा. साडेपाच महिने एकही दिवस खाडा नाही. मला त्याचा अभिमान होता.

तर त्या रविवारी जेवणं झाल्यावर मी बॅग भरत होते. आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या नखात पांढरी पूड भरलेली होती. आदल्या दिवशीची असावी, पाण्याने नीट गेली नव्हती.

"हे काय, रांगोळी?"

तिने हात पदरात घेतला. "ऋजू, तुला एक सांगायचं होतं."

"सांग ना."

"तू आधी बस."

"आई, साडेचारची बस आहे. फोनवर सांग."

"फोनवर नको. फोनवर तू आकडे बघत बोलतेस."

"मग पुढच्या वेळी. दोन आठवड्यांनी येतेच आहे."

"तोपर्यंत मुदत संपते गं," ती म्हणाली आणि स्वतःशीच हसली.

मला वाटलं, बँकेचं काहीतरी असेल. मी चप्पल घातली. तिने माझ्या बॅगेत तूप, मेतकूट आणि तो अर्धा पेढा कागदात गुंडाळून घातला. "तू खा. तुझं वय आहे," म्हणाली.

तो आमचा शेवटचा साधा दिवस.

सोमवारी सात वाजता आकडा आला. आठ हजार दोनशे. साडेसातला मी फोन केला.

"किती झाली?"

"तुला दिसतायत ना."

"आठ हजार दोनशे. शाब्बास."

नेहमी ती यावर काहीतरी मिश्कील बोलायची. त्या दिवशी नाही बोलली. म्हणाली, "ऋजू, आज पाठ फार भरून आलीय गं. खांद्यापासून खाली हातापर्यंत. आणि हा जबडा. दुपारपासून मधूनच घाम येतोय."

मी फोन कानापासून दूर घेतला आणि पडद्यावर बघितलं. संध्याकाळचे ठोके शहात्तर. हिरवी रेघ, सरळ, शांत.

"आठ हजार पावलं चाललीस, तेही साताऱ्याच्या चढांवर. पाठ दुखणारच. जबड्याचं म्हणशील तर तुझी ती मागची दाढ. उद्या दाखव. ठोके बघ, शहात्तर. माझे नाहीत इतके चांगले."

ती काहीच बोलली नाही.

"आई?"

"हं."

"ऐकलंस ना?"

"शहात्तर," ती म्हणाली. मग पुन्हा थांबली. मला तिच्या मागे भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. "तसंच असेल मग. दाढच असेल."

"गरम पाण्याची पिशवी घे आणि दहाला झोप."

"बरं. तू जेवलीस?"

"जेवते आता."

"पेढा खाल्लास?"

"नाही अजून. ठेवते, आई."

मंगळवारी सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, पुन्हा वाजवली, मग शेजारच्यांना बोलावलं. आई रात्रीच गेली होती. मी पोचेपर्यंत तिला दवाखान्यात नेऊन, तपासून, परत पाठवायच्या तयारीत ठेवलेलं होतं. तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "काल काही त्रास सांगत होत्या?" मी त्यांच्यापुढे फोन धरला. कुणीतरी माझ्यावर आरोप केल्यासारखा धरला. "हे बघा, संध्याकाळी सातपर्यंत सगळं नॉर्मल होतं. ठोके शहात्तर. आठ हजार पावलं चाललीय ती."

त्यांनी ती हिरवी रेघ बराच वेळ बघितली. "हे घड्याळ त्यांच्याच हातात होतं?"

"हो," मी म्हटलं. "रोज."

त्यांनी मान हलवली आणि कागद भरायला घेतले.

घड्याळ तिच्या हातात नव्हतं, घरातही सापडलं नाही. दवाखान्याच्या धांदलीत कुणी काढून ठेवलं असेल, असं मी धरून चालले. शोधायचं बळ नव्हतं. तिचा फोन मात्र मी चार्ज करून फडताळात ठेवला, कारण लोकांचे फोन त्यावरच येत होते.

तेराव्याच्या आदल्या संध्याकाळी पाहुणे बाजारात गेले होते. मी एकटी तांदूळ निवडत बसले होते. दाराशी हौसाबाई आल्या. हौसाबाई वाचनालयाच्या घरपोच पुस्तकांच्या बाई. दोन्ही खांद्यांना पुस्तकांच्या पिशव्या अडकवून रोज दुपारी चार ते सात मंगळवार तळं, व्यंकटपुरा, चिमणपुरा असं पायी फिरायच्या. म्हाताऱ्यांना, बाळंतिणींना पुस्तकं नेऊन द्यायच्या आणि जुनी परत आणायच्या. लुकड्या, काटक, माझ्या आईहून दहा वर्षांनी लहान. त्या दारातच उभ्या राहिल्या. डावा हात पदराखाली.

"या ना आत."

"न्हाय ताई. चाव्या द्यायच्या व्हत्या. बाईंच्या कपाटाच्या."

त्यांनी उजव्या हाताने चाव्यांचा जुडगा पुढे केला. मी तो घेतला आणि त्याच वेळी फडताळात आईचा फोन टिंग वाजला. लगेच माझाही वाजला, मांडीवरच्या ताटाशेजारी. मग पुन्हा. पुन्हा. मी उचलून बघितला.

पडद्यावर आईचं नाव होतं, शैला. मंगळवार, शून्य. बुधवार, शून्य. गुरुवार, सात हजार सहाशे चाळीस. शुक्रवार, आठ हजार तीस. शनिवार, आठ हजार चारशे. रविवार, शून्य. सोमवारपासून पुन्हा रोज, आजच्या दिवसापर्यंत. आज आठ हजार एकशे बारा. ठोके शहात्तर.

मी ते दोनदा वाचलं. मग वर बघितलं. हौसाबाईंनी पदराखालचा हात बाहेर काढला. काळा पट्टा, एकदम आतल्या भोकात अडकवलेला.

"रागावू नका ताई," त्या म्हणाल्या. "बाईंनीच बांधलं व्हतं. दिवाळीच्या आदीपास्नं. मी न्हाय म्हनलं, मोलाची वस्तू, कुटं पडली तर? तर म्हनल्या, हौसा, तू चालतीसच की. नाहीतरी तुझी पावलं फुकट जात्यात. माझ्या ऋजूच्या कामी येऊ देत."

मी फोन खाली ठेवला.

"सात वाजता फेरी झाली की बाईंच्या टेबलावर काडून ठिवायचे. शनवारी त्या घरी न्यायच्या, तुमी यायचा म्हनून. बाई गेल्या तवा ते टेबलावरच व्हतं. बिस्तरवारी वाचनालय उगाडलं, पिशव्या घेतल्या आन हात आपोआप तिकडं गेला. खाडा करू नको हौसा, ती तिकडं काळजी करत बसंल, असं म्हनायच्या ना. म्हनून बांधलं. मला कळतंय हो, आता त्याचा काय उपेग. पर काडवंना."

"मग ती काय करायची?" मी विचारलं. "चार ते सात. ती काय करायची?"

"सहापतुर काम. मंग..." त्यांनी उंबऱ्याकडे बघितलं. "तुमी उद्याचं उरका. परवा या वाचनालयात. मला न्हाय सांगता यायचं."

मी परवाची वाट बघितली नाही. तांदळाचं ताट तसंच ठेवलं, चाव्या घेतल्या आणि त्यांच्यासोबत निघाले. चढावर मला धाप लागली, हौसाबाईंना नाही.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जिथे फाटक्या पुस्तकांची बांधणी चालायची, शमीमचाची बसलेल्या होत्या. त्यांचं शिवणाचं दुकान वाचनालयाच्या भिंतीला लागून. माझ्या लहानपणी माझे शाळेचे फ्रॉक त्यांनीच शिवले होते. मला बघून त्या उठल्या, पण जवळ आल्या नाहीत. त्यांच्यासमोर एका स्टुलावर काहीतरी चौकोनी, जुन्या साडीच्या तुकड्याने झाकलेलं होतं.

हौसाबाईंनी कापड काढलं. कॅरम होता. बालविभागातला जुना, एका कोपऱ्याला चीर गेलेला. डाव अर्धाच खेळलेला. पांढऱ्या पाच, काळ्या तीन सोंगट्या, आणि बोरिक पावडरची डबी उघडी.

"शाळेत चॅम्पियन होती ती," शमीमचाची म्हणाल्या. "तुला माहीत नसेल. जिल्ह्याला खेळलेली. लग्न झालं आणि सुटलं. दसऱ्याला हा कॅरम माळ्यावरून निघाला, तर म्हणाली, शमीम, बसतेस का? मी म्हटलं, मला फक्त सुई धरता येते. तर म्हणाली, नेम तोच लागतो." त्या किंचित हसल्या. "रोज सहा ते सात. मला एकदाही जिंकू दिलं नाही तुझ्या आईने. हरामखोर बाई. क्वीन घेतली की अशी हसायची, बाहेरचे वाचक डोकावून बघायचे."

मी आईला मोठ्याने हसताना शेवटचं कधी ऐकलं होतं, ते आठवायचा प्रयत्न केला.

"मग मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं. "मी काय नको म्हटलं असतं?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"म्हणाली असतीस, बसून काय खेळतेस, चालायला जा," शमीमचाची म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. शिवणाचं माप सांगावं तसं सांगितलं. "आणि खरंच म्हणाली असतीस. नाही का?"

मी खाली बसले. आईच्याच खुर्चीवर, ते नंतर लक्षात आलं.

"हा डाव अर्धा का?"

हौसाबाई म्हणाल्या, "सोमवारचा हाय. बाई निम्म्यातनं उठल्या. म्हनल्या, हात भरून आलाय, उद्या पुरा करू. त्यांचीच पाळी व्हती."

"मी म्हटलं, रिक्षा बोलावते, डॉक्टरकडे जाऊ," शमीमचाची म्हणाल्या. "घामाघूम झाली होती. तर म्हणाली, थांब, साडेसातला ऋजूचा फोन येतो, तिला विचारते. तिला यातलं सगळं कळतं."

खोलीत बांधणीच्या खळीचा वास होता. मी कॅरमच्या चिरेकडे बघत राहिले.

हौसाबाईंनी माझ्या हातातल्या जुडग्यातली एक लहान चावी वेगळी केली. "बाईंच्या कॅटलॉगात बघा. मला वाचता येत न्हाय तेवढं, पर त्या तिथं काय तरी ठिवायच्या. शिक्का मारायच्या आन आत टाकायच्या."

कॅटलॉगचं लाकडी कपाट मला लहानपणापासून ठाऊक. अक्षरांची चिठ्ठी लावलेले छोटे खण. आई म्हणायची, चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक आणि हरवलेलं पुस्तक यांत फरक नाही. म्हणून मला शोधावं लागलं नाही. मी 'आ'चा खण ओढला. आनंद. तिथेच होतं.

कार्ड सहावं. "आनंद. कॅरम, रोज सहा ते सात. शमीमबरोबर." खाली तारीख, दसऱ्याची.

त्याच्यामागे सातवं. "ऋजूला घड्याळाचं खरं सांगणे. न भांडता." आणि त्याखाली वाचनालयाचे तारखेचे शिक्के, परतीच्या मुदतीचे. पहिला शिक्का जानेवारीतल्या एका रविवारचा. त्यावर रेघ मारून दुसरा, दोन आठवड्यांनंतरचा. त्यावरही रेघ, आणि तिसरा.

वाचनालयाचा नियम होता, आईनेच केलेला. पुस्तक दोनदा वाढवून मिळतं. तिसऱ्यांदा नाही. मग ते परत करावंच लागतं, कलेक्टर असला तरी. तिसरा शिक्का त्या रविवारचा होता. बारा फेब्रुवारी. मी बॅग भरत होते तो.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. लोक मला सांगतात, तुझा दोष नव्हता. डॉक्टरांनीही नंतर सांगितलं, की वेळेत आणलं असतं तरी खात्री नव्हती. असेल तसं. मला आठवते ती फोनवरची शांतता. 'शहात्तर' म्हणून ती थांबली होती. तिला ठाऊक होतं, ते ठोके हौसाबाईंचे आहेत. तेवढं सांगायला तिला एक वाक्य लागलं असतं. त्या वाक्यापुढे उभी होते मी, आणि तिला माझी भीती वाटली. मी तिच्या जिवाला घाबरत होते आणि ती माझ्या रागाला. दोघींनीही ते बोलून दाखवलं नाही.

त्या संध्याकाळी मी कार्डं हातात घेऊन मागच्या खोलीत परत आले, तेव्हा शमीमचाची डबीचं झाकण लावत होत्या.

"तुझा फोन येईपर्यंत ती निघालेली असायची," त्या म्हणाल्या. "पण कधी डाव लांबला तर इथूनच बोलायची. आम्ही गप्प बसायचो. तू 'किती झाली' म्हणायचीस ते इथपर्यंत ऐकू यायचं. ही हौसा तुझी नक्कल करायची, किती झाली, किती झाली. शैला हसायची. एकदा मात्र म्हणाली, बघ शमीम, कधीतरी ती पहिल्यांदा दुसरंच काहीतरी विचारेल."

"काय?"

"मीही विचारलं, काय. म्हणाली, जाऊ दे, तुझी पाळी."

बाहेर दिवे लागले होते. हौसाबाईंनी पट्ट्याचं बक्कल सोडलं, घड्याळ काढलं आणि कॅरमच्या कडेवर ठेवलं. त्यांच्या काळ्या मनगटावर फिकट पट्टा उमटलेला होता. मग त्या दोघी पुढच्या दालनात गेल्या.

स्ट्रायकर आईच्या बाजूच्या रेघेवर ठेवलेला होता. नेम लावून. मी त्याला हात लावला नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेसात वाजत होते. माझा फोन सवयीने माझ्या हातात होता. मी तो उपडा करून खाली ठेवला, समोरच्या रिकाम्या जागेकडे बघितलं आणि मोठ्याने, बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं,

"आई, कशी आहेस? आज कसं वाटतंय तुला?"